ऑनलाइन नोटरी व्हायचे असेल तर: ठाणे–नवी मुंबईतील वकिलांसाठी

भारतात आज ‘ऑनलाइन नोटरी’ नावाची वेगळी नेमणूक नाही, तिचे वेगळे प्रमाणपत्र नाही आणि त्यासाठीची वेगळी परीक्षाही नाही. हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की बेलापूरच्या न्यायालयात मला हा प्रश्न विचारणारे कनिष्ठ वकील वाढत चालले आहेत, आणि त्यांतील एकाने तर पैसे भरून ‘रिमोट ऑनलाइन नोटरी’चा अभ्यासक्रम पूर्ण करून त्याचे रंगीत प्रमाणपत्र टेबलामागच्या भिंतीवर चौकटीत लावले होते. तो अभ्यासक्रम अमेरिकेतील एका राज्याच्या कायद्यावर बेतलेला होता आणि ऐरोलीतल्या कार्यालयात त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. तरीही प्रश्न गैर नाही. नोटरीचे काम पुढेमागे पडद्यावर येणार असेल, तर त्यासाठी आजपासून काय करता येईल, आणि नातेवाइकांच्या निमित्ताने आपल्या टेबलावर येणाऱ्या अमेरिकी ऑनलाइन नोटरीच्या कागदांचे काय करायचे, हे वकिलाला ठाऊक असलेच पाहिजे.

गोंधळ मुख्यतः तीन गोष्टी एकाच नावाने ओळखल्या जात असल्यामुळे होतो. पहिली गोष्ट केंद्र सरकारचे नोटरी पोर्टल. ते सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाले आणि त्यावरून होतात ती अर्ज करणे, प्रमाणपत्र मिळवणे यांसारखी प्रशासकीय कामे. पक्षकाराचे दस्त त्यावर नोटरी होत नाहीत. दुसरी गोष्ट लिव्ह अँड लायसन्स कराराची ऑनलाइन नोंदणी. खारघर किंवा घणसोलीच्या सोसायटीत एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो, आधारवर ओळख पटते आणि करार नोंदला जातो. लोक त्यालाच ‘घरबसल्या नोटरी’ म्हणतात. वास्तविक ती नोंदणी आहे, नोटरी नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, त्यामुळे नुसता नोटरी केलेला भाडेकरार दाखवणारा घरमालक स्वतःच अडचणीत येतो. तिसरी गोष्ट म्हणजे खरी दूरस्थ ऑनलाइन नोटरी, जिच्यात सही करणारा एका ठिकाणी, नोटरी दुसऱ्या ठिकाणी आणि दोघांमध्ये ध्वनिचित्र संपर्क असतो. ती अमेरिकेत रुजली, आणि या लेखाचा रोख तिच्याकडे असला तरी वाट मात्र साध्या, कागदी नोटरीवरूनच जाते. अमेरिकेतही बहुतेक राज्यांत आधी साधी नोटरी आणि मग ऑनलाइन, असाच क्रम आहे.

आधी साधे नोटरी व्हा

आपल्याकडे नोटरीचा कायदा १९५२ चा आणि नियम १९५६ चे. नियम ३ नुसार सर्वसाधारण वकिलाला किमान १० वर्षांची वकिली लागते. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्गातील वकिलांना आणि महिला वकिलांना ७ वर्षे पुरतात. न्यायिक सेवेत किंवा कायद्याचे विशेष ज्ञान लागणाऱ्या सरकारी पदावर १० वर्षे काढलेल्यांनाही, तसेच भारतीय विधी सेवेच्या सदस्यांनाही हे दार उघडे आहे. नेमणूक केंद्र सरकारही करते आणि राज्य सरकारही. महाराष्ट्रात राज्याचे काम मंत्रालयातील विधी व न्याय विभाग पाहतो, केंद्राचे काम दिल्लीतील विधी व्यवहार विभाग. दोन्हीकडे नोटरींच्या संख्येला कमाल मर्यादा असते, म्हणून जागा निघाल्याची सूचना आली की कागदपत्रे हाताशी तयार असणे यातच निम्मे यश आहे.

वर्षे कशी मोजतात, याकडे लक्ष द्यावे. माझा पहिला अर्ज परत आला तो माझ्याच चुकीने. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाल्याच्या तारखेपासून मी सरळ ७ वर्षे मोजली होती. मधली दोन वर्षे मी एका कंपनीत पगारी नोकरी केली होती आणि नियमाप्रमाणे तेवढा काळ सनद स्थगित ठेवली होती, हे माझ्या डोक्यातूनच गेले. वकिलीचा काळ म्हणजे प्रत्यक्ष वकिलीचा काळ. ज्यांच्या कारकिर्दीत असा खंड आहे, त्यांनी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडून सनद स्थगित केल्याच्या आणि पुन्हा सुरू केल्याच्या तारखांचे पत्र आधीच घेऊन ठेवावे आणि अर्जाच्या तारखेला किती दिवस भरतात ते कागदावर मांडून पाहावे.

नियम ४ प्रमाणे अर्ज जिल्हा न्यायाधीशांमार्फत किंवा आपण ज्या न्यायालयात अथवा न्यायाधिकरणात काम करता तेथील पीठासीन अधिकाऱ्यांमार्फत करायचा असतो. अर्जावर दंडाधिकारी, राष्ट्रीयीकृत बँकेचा व्यवस्थापक, एक व्यापारी आणि परिसरातील दोन प्रतिष्ठित रहिवासी अशा प्रतिस्वाक्षऱ्या लागतात. यांतली सर्वांत वेळखाऊ स्वाक्षरी, माझ्या अनुभवात, बँक व्यवस्थापकाची ठरते, कारण बदल्या होतात आणि नवा व्यवस्थापक आपल्याला ओळखत नसतो. ज्या शाखेत आपले वकिलीचे खाते आहे तिथेच जावे आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नये. पुढे मुलाखतीचे बोलावणे येऊ शकते. तिथे कायद्याचे कलम ८ तोंडपाठ असावे, कारण नोटरी काय काय करू शकतो याची यादी त्याच कलमात आहे. बहुतेक वकील साक्षांकन आणि प्रतिज्ञापत्र यांच्यापुढे जात नाहीत. हुंडी स्वीकारासाठी सादर करणे, तिच्या अनादराची नोंद करणे, जहाजाच्या नुकसानीचे निषेधपत्र तयार करणे, भाषांतर करून ते प्रमाणित करणे, न्यायालयाने सांगितल्यास आयुक्त म्हणून पुरावा नोंदवणे, हेही त्यात आहे. उरणचे बंदर शेजारी असलेल्या आपल्या भागात जहाजाच्या निषेधपत्राचा प्रश्न मुलाखतीत अगदी स्वाभाविक ठरतो.

आता क्षेत्राचा मुद्दा, जो नवी मुंबईत इतर कुठल्याही शहरापेक्षा अधिक बोचतो. नोटरीने आपल्या प्रमाणपत्रावर लिहिलेल्या क्षेत्रातच काम करायचे असते आणि कार्यालयही त्याच क्षेत्रात असावे लागते. नवी मुंबई म्हणून आपण जे एक शहर समजतो, ते दोन जिल्ह्यांत विभागलेले आहे. वाशी, नेरुळ, ऐरोली, सीबीडी बेलापूर ठाणे तालुक्यात. खारघर, कळंबोली, कामोठे आणि उलवे पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. हार्बर मार्गावर बेलापूरनंतरचे लगेचचे स्टेशन खारघर, पण त्या एका स्टेशनाच्या अंतरात जिल्हा बदलतो. म्हणून अर्जात क्षेत्र लिहिताना आपले अशील राहतात कुठे, हे आधी पाहावे. राहायला खारघरला आणि कामाला बेलापूरच्या न्यायालयात असलेल्या वकिलाने ठाणे तालुका मागितला, तर रविवारी घरी आलेल्या शेजाऱ्याच्या प्रतिज्ञापत्रावर शिक्का मारण्याचा मोह त्याने टाळलाच पाहिजे.

शिक्का, रजिस्टर आणि समोरचा माणूस

नेमणूक झाली, शुल्क भरले, नाव नोंदवहीत चढले की ५ वर्षांचे प्रमाणपत्र मिळते. शिक्का साधा गोल, ५ सेंटिमीटर व्यासाचा. त्यावर नाव, क्षेत्र, नोंदणी क्रमांक, ‘नोटरी’ हा शब्द आणि नेमणूक करणाऱ्या सरकारचे नाव. शुल्काचा दरफलक कार्यालयाच्या आत आणि बाहेरही लावायचा असतो. एवढे सगळेच करतात. खरा फरक पडतो रजिस्टरमध्ये, आणि ऑनलाइन नोटरीची चर्चा करणाऱ्या कोणालाही मी आधी हे रजिस्टर उघडून दाखवते.

प्रपत्र १५ मधले हे रजिस्टर वापरायला घेण्यापूर्वी त्यात किती पाने आहेत याचा दाखला मुखपृष्ठामागच्या पानावर लिहून, तारीख घालून सही करायची असते. पान फाडले गेले तर ते लपू नये, हा हेतू. आत दर नोंदीला अनुक्रमांक, तारीख, कामाचा प्रकार, दस्त करून देणाऱ्याचे नाव व पत्ता, दस्ताचा थोडक्यात मजकूर, लावलेले मुद्रांक, घेतलेले शुल्क, पावतीचा क्रमांक आणि शेवटी दोन सह्या: एक त्या व्यक्तीची, एक नोटरीची. त्या पहिल्या सहीच्या रकान्याकडे पाहा. दस्तावरची सही कुणीही घरून करून आणू शकतो, पण रजिस्टरवरची सही माझ्या टेबलावर, माझ्या पेनाने, माझ्यासमोरच व्हायला हवी. नोटरीच्या शिक्क्याला न्यायालयात जे वजन आहे ते या रकान्यातून येते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ८४ मध्ये नोटरीसमोर करून दिलेल्या आणि त्याने प्रमाणित केलेले मुखत्यारपत्र खरोखर तसेच झाले, असे न्यायालय जे गृहीत धरते, ते ‘समोर’ या एका शब्दावर उभे आहे.

एक उदाहरण देते. नेरुळहून एक आजोबा सूनबाईंसोबत आले. निवृत्तिवेतनासाठीचे प्रतिज्ञापत्र होते. आधारवरचा फोटो १५ वर्षांपूर्वीचा, त्यात दाट मिशा. समोर बसलेल्या गृहस्थांना मिशा नाहीत आणि हात थरथरतो आहे. सही जुन्या सहीशी जुळेना. अशा वेळी घाई करणारा नोटरी ‘असू द्या’ म्हणून शिक्का मारतो. मी आधार कार्डावरचा क्यूआर कोड ॲपवर तपासला, म्हणजे छापील कार्ड खोटे नाही एवढे कळले. मग सूनबाईंना बाहेर बसायला सांगून आजोबांना विचारले की हा कागद कशासाठी आहे. त्यांनी रकमेसकट सांगितले. त्यानंतर सहीऐवजी डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा घेतला, ओळखणारा म्हणून दुसऱ्या एका व्यक्तीची सही घेतली आणि दोन्ही गोष्टी नोंदीत लिहिल्या. या सगळ्याला १२ मिनिटे लागली. कागद खरा आहे का, माणूस तोच आहे का, त्याला काय करतो आहोत ते कळते का आणि तो कुणाच्या दबावाखाली नाही ना, हे चार प्रश्न प्रत्यक्षात जसे विचारायचे तसेच पडद्यावरही विचारावे लागतात. ज्याला हे टेबलावर जमत नाही, त्याच्या हाती कॅमेरा देऊन काही साधणार नाही.

रजिस्टर तपासण्याचा अधिकार जिल्हा न्यायाधीशांना आहे आणि दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वर्षभराच्या कामाचे विवरण सरकारला पाठवायचे असते. ते विसरणाऱ्यांचे नूतनीकरण अडते. शिवाय ऑक्टोबर २०२४ मध्ये विधी व्यवहार विभागाने स्पष्ट बजावले आहे की नोटरीने विवाहाचे किंवा घटस्फोटाचे दस्त प्रमाणित करणे हे गैरवर्तन समजले जाईल. ‘कोर्ट मॅरेज करून देता का’ असे विचारत जी जोडपी येतात त्यांना विवाह नोंदणी कार्यालयाचा रस्ता दाखवावा.

मग व्हिडिओ कॉलवर का नाही?

कारण आपल्या कायद्यात तशी तरतूद नाही. नोटरी कायदा व्हिडिओविषयी काही बोलत नाही आणि नियमांतले रजिस्टर प्रत्यक्ष सहीची अपेक्षा ठेवते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक सहीला मान्यता दिली हे खरे, पण त्याच अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत काही दस्त बाहेर ठेवले आहेत. मृत्युपत्र आणि न्यास त्यात आहेत. मुखत्यारपत्रही आहे, फक्त २०२२ च्या दुरुस्तीने बँकिंग, विमा, भांडवल बाजार अशा नियमन असलेल्या संस्थांच्या लाभातील मुखत्यारपत्रांना सवलत मिळाली. म्हणजे घरगुती कुलमुखत्यारपत्र, ज्यासाठी लोक सर्वाधिक फोन करतात, तेच इलेक्ट्रॉनिक मार्गाने होत नाही.

इंटरनेटवर ‘घरबसल्या नोटरी’ विकणाऱ्या सेवा बहुधा असे करतात: पक्षकाराकडून स्कॅन मागवतात, कुठल्यातरी नोटरीकडून शिक्का मारून घेतात आणि कुरिअरने परत पाठवतात. त्यात सही करणारा नोटरीसमोर कधीच आलेला नसतो. असा कागद एखाद्या बँकेने न पाहता स्वीकारला म्हणून तो योग्य ठरत नाही. वाद उभा राहिला आणि नोटरीला रजिस्टर घेऊन साक्षीला बोलावले की सगळे उघडे पडते. अशा सेवांकडून नवीन नोटरींना महिन्याला ठरावीक रकमेचे प्रस्ताव येतात. मलाही आला होता. रक्कम मोहात पाडणारी होती, हे प्रामाणिकपणे सांगते. पण नियम १३ खाली गैरवर्तनाची चौकशी होते आणि कलम १० खाली नाव नोंदवहीतून काढले जाऊ शकते, आणि तेव्हा ती सेवा आपल्या शेजारी येऊन उभी राहत नाही.

ज्याला येणे शक्य नाही त्याच्याकडे आपण जावे. नियमांत नोटरीला प्रवासखर्च आकारण्याची सोय आहे. कोपरखैरणेच्या रुग्णालयातील खाटेवर, सानपाड्याच्या सातव्या मजल्यावर, क्षेत्राच्या आत कुठेही रजिस्टर घेऊन जाता येते. मी एक जुनी शाळकरी पेटी वापरते: रजिस्टर, शिक्का, स्टॅम्प पॅड, पावतीपुस्तक, मुद्रांक आणि अंगठ्याची शाई पुसायला ओल्या रुमालाचे पाकीट. शेवटची वस्तू विसरली की रुग्णाच्या घरचे लोक नाराज होतात.

अमेरिकेत नेमके काय करतात

हा भाग विशेषतः त्यांच्यासाठी, ज्यांचे भाऊ, बहीण किंवा सून तिकडे राहतात आणि ‘मी तिथे ऑनलाइन नोटरी होऊ का’ असे विचारतात. दूरस्थ ऑनलाइन नोटरीला परवानगी देणारे पहिले राज्य व्हर्जिनिया. तिथला कायदा २०११ मध्ये झाला आणि १ जुलै २०१२ पासून लागू झाला. टेक्सास २०१८ मध्ये आणि फ्लोरिडा २०२० च्या जानेवारीत आले, आणि त्यानंतरच्या महामारीने बाकीच्या बहुतेक राज्यांना घाई करायला लावली. कॅलिफोर्नियाने मात्र २०२३ मध्ये कायदा करूनही पूर्ण अंमलबजावणीसाठी १ जानेवारी २०३० पर्यंतची मुदत ठेवली आहे. म्हणजे ‘अमेरिकेत चालते’ हे वाक्य अर्धवट आहे. कुठल्या राज्यात, हे विचारले पाहिजे.

पायऱ्या साधारण अशा. प्रथम आपल्या राज्यात साधी नोटरी नेमणूक घ्यायची. तिथे वकील असणे आवश्यक नाही; १८ वर्षे पूर्ण, त्या राज्यात रहिवास, गंभीर गुन्ह्याची पार्श्वभूमी नसणे, एवढ्या अटी बहुधा पुरतात. ‘परकीय नागरिकाला नोटरी होता येत नाही’ ही अट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये बर्नल विरुद्ध फेन्टर या टेक्सासच्या प्रकरणात कायमस्वरूपी रहिवाशांच्या बाबतीत रद्द केली, त्यामुळे ग्रीन कार्डधारकाला नागरिकत्वाच्या कारणावरून नाकारता येत नाही. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने मात्र शुल्क घेऊन काम करण्याआधी आपल्याला कामाची परवानगी आहे का, हे स्थलांतर वकिलाला विचारल्याशिवाय अर्ज करू नये. नोटरीचे चार डॉलर मिळवण्याच्या नादात व्हिसा धोक्यात घालणे शहाणपणाचे नाही.

त्यानंतर राज्याच्या सचिव कार्यालयाकडे ऑनलाइन नोटरीचा स्वतंत्र अर्ज किंवा नोंदणी. फ्लोरिडात त्यासाठी अभ्यासक्रम, २५,००० डॉलरचा जामीनरोखा आणि तेवढ्याच रकमेचा चुकांपासून संरक्षण देणारा विमा लागतो. मग राज्याच्या निकषांत बसणारे तांत्रिक व्यासपीठ निवडायचे, आपल्या नावाचे डिजिटल प्रमाणपत्र आणि इलेक्ट्रॉनिक शिक्का घ्यायचा आणि काम सुरू करायचे. शुल्काला मर्यादा आहे; फ्लोरिडात एका ऑनलाइन कामाला जास्तीत जास्त २५ डॉलर. व्यासपीठाचे भाडे, विमा आणि वेळ वजा केल्यावर हा पूर्णवेळ धंदा होईल अशी कल्पना कुणी करून घेऊ नये. घर खरेदी–कर्जाच्या कागदांवर काम करणाऱ्यांनाच तो खरा परवडतो.

ओळख पटवण्याची त्यांची पद्धत आपण समजून घेण्यासारखी आहे, कारण उद्या आपल्याकडे काही आले तर त्याचा नमुना बहुधा याच धर्तीचा असेल. सही करणारा ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरतो आणि यंत्रणा त्याची सुरक्षा चिन्हे तपासते. मग सही करणाऱ्याच्या पतइतिहासातून आणि सार्वजनिक नोंदींतून तयार केलेले प्रश्न विचारले जातात: अमुक साली तुम्ही कोणत्या रस्त्यावर राहत होता, अमुक वाहन कधी घेतले. अनेक राज्यांच्या नियमांत पाच प्रश्न, दोन मिनिटांची मुदत आणि किमान चार उत्तरे बरोबर, अशी रचना आहे. त्यानंतर नोटरी पडद्यावर येतो, चेहरा पाहतो, संवाद करतो, सही होते, डिजिटल शिक्का लागतो आणि संपूर्ण भेटीचे ध्वनिचित्रमुद्रण राज्याप्रमाणे ५ ते १० वर्षे जपून ठेवावे लागते. दस्तात नंतर एक अक्षर बदलले तरी डिजिटल शिक्का ते दाखवतो. आपल्या रजिस्टरातला सहीचा रकाना तिकडे त्या चित्रफितीने भरून काढला आहे, असे म्हणता येईल.

याच पद्धतीमुळे ठाण्यातल्या आईवडिलांना मुलाच्या अमेरिकी ऑनलाइन नोटरीपुढे उभे करणे सहसा जमत नाही. त्यांचा तिकडे पतइतिहासच नसतो, म्हणून प्रश्न तयार होत नाहीत. ओळखीच्या विश्वासार्ह साक्षीदारामार्फत किंवा पारपत्राच्या अन्य तपासणीने काही राज्ये वाट काढतात, पण ती आधी विचारून घ्यावी. आणखी दोन गोष्टी. सही करणारा जगात कुठेही असू शकतो, परंतु नोटरीने स्वतः त्या क्षणी नेमणूक देणाऱ्या राज्याच्या हद्दीत असावे लागते. म्हणून टेक्सासची नेमणूक असलेली मुलगी दिवाळीला डोंबिवलीत आली असताना इथून लॉगिन करून नोटरी करू शकत नाही. आणि तिकडचा नोटरी वकील नसल्यास दस्तात काय लिहावे हे सांगू शकत नाही. आपल्याकडे नोटरीच मसुदा दुरुस्त करून देतो, ती सवय तिकडे विनापरवाना वकिली ठरते. इथली सनद खिशात घेऊन तिकडे गेलेल्यांना हे सांगून ठेवावे लागते.

तो कागद इथे आला की

आपल्या कार्यालयात प्रत्यक्ष जे काम येते ते हे. घोडबंदर रस्त्यावरची सदनिका विकायची, मुलगा ह्यूस्टनला, वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र हवे. मुलगा तिकडे दहा मिनिटांत ऑनलाइन नोटरी करून पीडीएफ पाठवतो आणि वडील तिची रंगीत छपाई घेऊन येतात. माझ्या एका अशिलाने असेच केले. ज्या कार्यालयात तो कागद सादर झाला तिथे त्यांना एकच प्रश्न विचारला गेला: मूळ कागद कुठे आहे? पीडीएफ हीच मूळ प्रत असते आणि तिचा डिजिटल शिक्का छपाईत उरत नाही, हे समजावण्यात सकाळ गेली आणि शेवटी काम झाले नाही. मुलाने पुन्हा शाईचा कागद केला, आणि खरेदीदाराची दोन आठवड्यांची नाराजी आम्ही सोसली. चूक माझीही होती. आधी विचारले असते तर हे टळले असते.

म्हणून सल्ला असा. नोंदणी अधिनियमाच्या कलम ३३ नुसार, दस्त नोंदणीला सादर करण्यासाठी परदेशात राहणाऱ्याचे मुखत्यारपत्र तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वाणिज्यदूतासमोर झालेले चालते. भारतात राहणाऱ्याचे मात्र निबंधक किंवा दुय्यम निबंधकासमोरच व्हावे लागते. स्थावर मालमत्तेचे काम असेल तर परदेशस्थ मुलाला शाईच्या सहीचा कागद, प्रत्यक्ष नोटरी आणि त्या राज्याचे ॲपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून नोटरीची सही व शिक्का खरा असल्याचा सरकारी दाखला), असेच करायला सांगावे; भारत ॲपोस्टिल करारात २००५ पासून सहभागी आहे. कागद महाराष्ट्रात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत मुद्रांक भरायचा असतो, त्यामुळे कुरिअरचे पाकीट फेकू नये. त्यावरची तारीखच पुढे कामाला येते. बँक, कंपनी किंवा विद्यापीठ यांच्यासाठीचा कागद असेल आणि समोरची संस्था पीडीएफ स्वीकारते असे लेखी कळवत असेल, तर ऑनलाइन नोटरी सोयीची आहे. अशा वेळी फाइल ईमेलने जशीच्या तशी पाठवावी, स्कॅन करून किंवा व्हॉट्सॲपवरून दाबलेल्या आकारात नव्हे.

आजच करून ठेवण्यासारखे

आपल्या नावे परवानाधारक प्रमाणन प्राधिकरणाचे डिजिटल सही प्रमाणपत्र घ्यावे. ई-फायलिंगसाठी आणि रोजच्या पत्रव्यवहारासाठी ते उपयोगी पडते. त्याचा टोकन, म्हणजे सहीसाठी संगणकाला लावायचे छोटे यंत्र, कारकुनाच्या खणात ठेवू नये आणि पासवर्ड चिकटपट्टीवर लिहून त्याला लावू नये, जे मी ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर एकाहून अधिक टेबलांवर पाहिले आहे. रजिस्टरच्या प्रत्येक नोंदीशी जुळणारी एक संगणकीय यादी ठेवावी: क्रमांक, तारीख, कामाचा प्रकार, ओळखीचा पुरावा कोणता पाहिला. रजिस्टरची जागा ती घेत नाही, पण पाच वर्षांनी साक्षीचे बोलावणे आले तर नोंद शोधायला अर्धा मिनिट पुरते. आधारची प्रत ठेवायचीच असेल तर पहिले आठ अंक झाकलेली ठेवावी आणि पक्षकाराला का ठेवतो ते सांगावे. झेरॉक्सचे गठ्ठे उघड्या कपाटात साठवण्याचे दिवस संपले आहेत. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यावयाच्या दाखल्याचा, म्हणजे साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील दाखल्याचा, नमुना तयार ठेवावा, कारण स्क्रीनशॉट आणि ईमेल घेऊन येणारे पक्षकार आता रोजचे झाले आहेत.

प्रमाणपत्राची ५ वर्षांची मुदत कधी संपते ती तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आजच लिहावी, आणि नूतनीकरणाच्या अर्जाची तयारी तिच्या वर्षभर आधी सुरू करावी. मुदत संपल्यानंतर मारलेला एकही शिक्का कायद्याच्या कलम ९ विरुद्ध जातो, मग समोर बसलेला पक्षकार कितीही खरा असो.